नाना घेऊन टाकतात

कळवणच्या कांदेवाल्याला बाजार शिकवायला जाऊ नये. नानांना तर नाहीच. (नाना म्हणजे कुणी एक नव्हेत. गावात गल्लीला एक सापडतील.) कांद्याचं उळं घ्यायचं असलं की नाना चिमूटभर बी तळहातावर घेतात, फुंकर मारतात, दाताखाली धरतात, देणाऱ्याच्या मागच्या दोन हंगामांची चौकशी करतात आणि शेवटी "बघू" म्हणून घरी परत येतात. गाय घ्यायची तर तीन खेपा. थोरलीसाठी स्थळ पाहतानाही इतक्या झाल्या नव्हत्या.

हेच नाना चपलेचा अंगठा शिवायला बाहेर पडतात आणि हातात दुर्बीण घेऊन येतात.

"कशाला?"

"असू दे, लागते. स्वस्तात होती, घेऊन टाकली."

पूर्वी हा रोग शहरवाल्यांचा समजला जाई. सप्तशृंगीच्या दर्शनाला आलेले नाशिक-मुंबईचे पाहुणे परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी दिसली की करकचून ब्रेक मारत आणि भाव न विचारता चार खोकी डिकीत टाकत. नाशिक येईपर्यंत वरच्या खोक्यातली स्ट्रॉबेरी खालच्या खोक्यात उतरलेली असे. नाना तेव्हा पोट धरून हसायचे. आता कळवणलाही नगरपंचायत आली, आणि पाहुण्यांचा रोगही मुक्कामाला राहिला.

नानांचं नाशिकला जाणं म्हणजे गुडघा दाखवायला जाणं. येताना वाटेत डी-मार्ट. वहिनींनी चिठ्ठी दिलेली असते: तूरडाळ, कपड्याचा साबण. नाना ट्रॉली घेतात, आणि ट्रॉली रिकामी ढकलणं त्यांच्या स्वभावात बसत नाही. मालाशिवाय गाडी बाजारातून परत आणणं म्हणजे डिझेल पाण्यात. मग काचेच्या सहा बरण्या येतात. भाजी निथळवायची फिरती जाळी येते. जमिनीवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी तासाभरापूर्वी बजावलेलं असताना योगासनांची चटई येते. बिल झाल्यावर आठवतं की तूरडाळ राहिली. ती आणायला नाना पुन्हा आत जातात, आणि त्या फेरीत छत्री येते. मे महिना असतो.

हॉकिन्स स्टर्न नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९६२ मध्ये अशा खरेदीचे चार प्रकार पाडले होते. एक, निव्वळ झटका. दोन, वस्तू दिसताच ती घरात संपल्याची आठवण. तीन, जन्मात न पाहिलेल्या वस्तूची गरज तिथल्या तिथे पटणं. आणि चार, स्वस्त मिळेल ते घ्यायचंच असं ठरवून घरून निघणं. स्टर्नसाहेबांना चार प्रकारांसाठी चार गिऱ्हाइकं बघावी लागली असतील. नाना चारही प्रकार एका ट्रॉलीत बसवतात.

मोबाइल आल्यापासून तर नाशिकलाही जावं लागत नाही. रात्री घर झोपलं की नाना पांघरुणात उजेड करून बसतात. "फक्त २ उरले" असं पडद्यावर दिसलं की त्यांचा श्वास अडकतो. असली खोटी घाई दाखवण्यासह गिऱ्हाइकाला फसवण्याचे एकूण १३ प्रकार केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियमावली काढून बंद करायला सांगितले. ती बातमी नानांनीच घरात मोठ्याने वाचून दाखवली. "लोकांना अक्कल नाही," म्हणाले. त्याच रात्री "फक्त १ उरला" दिसलं, आणि तो नानांनी घेऊन टाकला.

वहिनी चिडतात, पण मला यात नानांचं फार चुकतं असं वाटत नाही. चार-पाच महिने राबून पिकवलेल्या मालाचा भाव त्यांनी आजवर एकदाही ठरवलेला नाही. बाजार समितीत ते ट्रॅक्टरपाशी उभे असतात. व्यापारी दोन कांदे उचलतो, चोळतो, बोली होते, आणि नानांनी तोंड उघडेपर्यंत गर्दी पुढच्या ट्रॅक्टरला गेलेली असते. वर खळ्यावर माल ओतताना "खाली खाद निघाली" म्हणून वांधा काढतात, तो वेगळा. मोबाइलवर मात्र नाना बोली लावणाऱ्यांच्या रांगेत असतात. माल मुकाट्याने समोर उभा, आणि हो की नाही ते नानांच्या अंगठ्यात.

१९ ऑगस्ट २०२३ ला हे अगदी उघड्यावर आलं. चाळीत साठवलेल्या उन्हाळी कांद्याचा भाव नुकता वर सरकत होता आणि केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. नाना दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. रात्री मोबाइलने ४० टक्के सूट दाखवली. सरकारने ४० लावले, यांनी ४० काढले, फिट्टंफाट झाली, असा हिशेब करून नानांनी मागवलं ते कांदा चिरायचं यंत्र.

यंत्र आलं. वहिनींनी चाळीतला कांदा घेतला, यंत्रावर धरला, फिरवून पाहिला.

"अहो, ह्यात गोल्टीच मावते. आपला कांदा आधी विळीवर चिरून मग ह्यात घालायचा का?"

नानांच्या आतला बाजार त्या क्षणी जागा झाला. त्यांनी यंत्र उलटं केलं, पात्यावर नख घासलं, खालच्या अंगाला नाक लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः वांधा काढला. माल परत गेला. पैसे मात्र हातात न येता त्याच ॲपच्या पाकिटात जमा झाले: तीस दिवसांत वापरा, नाहीतर बुडाले. बुडू देतील तर ते नाना कसले? ३९९ वाचवायला त्यांनी ११९९ चा टांगता वजनकाटा घेऊन टाकला.

काटा मात्र लागतो. आता येईल ते पार्सल नाना आधी दारातच काट्याला टांगतात, मग खोकं सोडवून आतला माल वेगळा तोलतात. परवा पैसे घ्यायला थांबलेल्या पार्सलवाल्या पोराला त्यांनी दोनशे ग्रॅम पुठ्ठ्याची कटती लावून रक्कम पुढे केली, आणि तो वांधा अजून मिटलेला नाही.