वारसा, प्रति चौरस फूट

हल्ली मुंबई-पुण्यात वारसा चिकटवल्याशिवाय टॉवर विकला जात नाही. लॉबीत वारली चित्रांचा वॉलपेपर, लिफ्टच्या दारावर पैठणीचा मोर, गेटाला दिंडी दरवाजा. तोही सेन्सरवर उघडणारा. वारली बायका लग्नाचा चौक गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने लिहितात. इथे तो इटालियन संगमरवराशेजारी छापून येतो आणि पालघरहून धुणीभांडी करायला आलेल्या बाईला सर्व्हिस लिफ्ट दाखवली जाते.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची मुंबईतल्या कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ ही इमारत १९८३ साली पुरी झाली. तिच्यावर ना पैठणीचा मोर, ना वारली चित्रातला तारपा. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा तेवढा उचलला आणि दुमजली उंचीच्या गच्च्या करून कोपऱ्यांत बसवला. समुद्राचा वारा आत, ऊन-पाऊस बाहेर. पण असला वारसा विकण्याजोगी जागा खातो! आपल्या बिल्डरांना तो पातळ लागतो, एक मिलिमीटरचा.

ओसरी? ती सॅम्पल फ्लॅटमध्ये आहे ना. ताबा मिळाला की तिथे एसीचं बाहेरचं यंत्र बसतं. वाड्याचा चौकही आहे, पार्किंगच्या सहा मजल्यांच्या डोक्यावर, तुळशीसकट. तुळस प्लास्टिकची, मेन्टेनन्स वेगळा.