पैसा चालतो, मत चालत नाही

परदेशी नोकरीला गेलेल्या माणसाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘देशाला त्याचा काय उपयोग?’ उपयोग मोजून ठेवलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार 2024-25 या एका वर्षात परदेशातल्या भारतीयांनी 135 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली. आपण विकतो कमी आणि तेल, सोनं, यंत्रं आणतो जास्त. मालाच्या व्यापारातली ही तूट जवळपास निम्मी याच पैशाने भरून निघते.

शिवाय हा पैसा परत करावा लागत नाही. 1998 साली पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर निर्बंध आले, तेव्हा स्टेट बँकेने रिसर्जंट इंडिया बाँड काढून अनिवासी भारतीयांकडून 4 अब्ज डॉलरहून अधिक उभे केले. मदत झालीच, पण ती डॉलरवर पावणेआठ टक्के व्याजाने. त्याआधी 1990-91 च्या परकीय चलनाच्या संकटात तर अनिवासी ठेवी भराभर निघून गेल्या होत्या.

खेड-दापोलीकडचा फिटर कुवेतहून जे पाठवतो त्याला ना व्याज, ना मुदत. पगार झाला की ड्यूटी संपवून तो एक्स्चेंजच्या रांगेत उभा राहतो, दिनार मोजून देतो, पावतीचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकतो आणि घरी फोन लावतो, ‘पैसे आले का बघ.’ त्यातून मुलीची फी भरते, आईची औषधं येतात, घरावर स्लॅब पडतो. सिमेंट तालुक्याच्या दुकानातलं, गवंडी शेजारच्या वाडीतला, जीएसटी सरकारजमा. हे योगदान नाही तर काय आहे?

पैशाने सगळंच भरून निघत नाही, हे मान्य. सरकारी महाविद्यालयात शिकलेला डॉक्टर लंडनला गेला, तर ग्रामीण रुग्णालयातली रिकामी खुर्ची पौंडांनी भरत नाही. पण वर्षानुवर्षं पदं रिकामी ठेवणाऱ्यांना जाब न विचारता व्हिसा काढणाऱ्यालाच देशद्रोही ठरवणं हा शुद्ध अन्याय आहे.

आता दुसरी बाजू मांडू. देशाने या माणसाला काय दिलं?

दहावी न झालेल्याला आखातात नोकरीला जायचं तर सरकारी परवानगी लागते. हेतू संरक्षणाचा. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच शुल्क घेता येतं. पण बायकोचे दागिने गहाण टाकून निघालेल्या कुणालाही विचारा, तीस हजारांत भागलं का? पहिल्या वर्षाची कमाई कर्ज फेडण्यातच जाते.

जून 2024 मध्ये कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय गेले. शवपेट्या आणायला हवाई दलाचं विमान गेलं, ते योग्यच झालं. पण माणसं कशा खोल्यांत राहतात, हे पाहायला आग लागायची वाट का पाहावी?

आणि मत? 2010 च्या कायदादुरुस्तीने अनिवासी भारतीयाचं नाव मतदार यादीत आलं, पण मत द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. 2024 च्या लोकसभेला अशा मतदारांची नोंदणी होती सुमारे 1 लाख 19 हजार. मतदानाला आले तीन हजारांहून कमी. पैसा मिनिटांत येतो, मताला विमानाचं तिकीट लागतं. सीमेवरच्या जवानाला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली जाते आणि टपालाने परत येते. हीच सोय अनिवासी भारतीयांना देण्याची तयारी निवडणूक आयोगाने 2020 मध्येच कायदा मंत्रालयाला कळवली होती. अडलंय ते निर्णयापाशी.

म्हणून प्रश्न विचारायचा तो दिल्लीला. टपाली मतदान द्या. जादा पैसे उकळणाऱ्या एजंटाचा परवाना रद्द करा. कामगारांच्या राहण्याच्या जागांची तपासणी आखाती देशांशी होणाऱ्या करारांत लिहून घ्या. फिटर दर महिन्याला आपला वाटा देतो आहे. सरकारचा वाटा थकलाय.