भोकाचं आधार कार्ड

गच्चीवरच्या भोकाभोवती कठडा का लागत नाही, हे शोधायला आमच्या वऱ्हाडात समिती नेमायची गरज नाही. कठड्याला लाभार्थी नसतो, एवढंच कारण आहे. हेल्मेट एका माणसाच्या डोक्यावर ठेवता येतं, त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढता येतो, यादीत त्याचं नाव लिहिता येतं आणि निवडणुकीच्या तोंडावर तीच यादी घेऊन त्याच्या दारात जाता येतं. कठडा बिचारा जागचा हलत नाही. आपण कुणाला वाचवलं हे त्याला कळत नाही, आणि जो वाचला त्यालाही कळत नाही. न पडलेल्या माणसांची यादी आजवर एकाही मतदारसंघात तयार झालेली नाही.

देण्याच्या बाबतीत सरकारचा हात मात्र आखडलेला नाही. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, तो महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि मंडळ तो नोंदीत कामगारांवर खर्च करतं. सुरक्षा संचात बूट, हेल्मेट, हातमोजे, चमकणारं जाकीट आणि अंगाला बांधायचा पट्टा. अत्यावश्यक संचात पत्र्याची पेटी, चटई, चादर. गृहोपयोगी संचात ताटं, वाट्या, कढई, परात आणि कुकर. कुकरची रांग पट्ट्याच्या रांगेपेक्षा लांब असते, यात कामगाराचं काही चुकत नाही. कुकर घरी रोज चालतो. पट्टा चालायला त्याचा हूक कशाला तरी अडकवावा लागतो, आणि नव्या कोऱ्या स्लॅबवर अडकवायला आभाळाशिवाय काही नसतं.

या वाटपालाही कधीकधी कठडा लागतो. 9 मार्च 2024 रोजी नागपूरच्या सुरेश भट सभागृहात बांधकाम कामगारांना संच वाटायचा कार्यक्रम होता. गर्दी लोटली, चेंगराचेंगरी झाली आणि एका बाईचा जीव गेला. ती कुठल्याही मजल्यावरून पडली नव्हती. भांडी घ्यायला आली होती. देशपातळीवर तर आपण याहून पुढे गेलो आहोत. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असं आलं, की कामगारांसाठीच्या या उपकरातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीनसुद्धा घेतली गेली. न्यायमूर्ती चकित झाले. चकित होण्यासारखं त्यात काय होतं? सिमेंटने मळलेले कपडे धुवायला मशीन लागतंच. लॅपटॉप कशाला, एवढं मात्र मलाही सांगता येणार नाही. पडताना ई-मेल करायला असेल.

आता प्रत्यक्ष भोकापाशी जाऊ. बडनेरा रोडला आतल्या अंगाला एक चार मजली इमारत उभी राहते आहे. शेवटच्या स्लॅबला जिन्याजवळ अडीच फूट बाय अडीच फुटांचं भोक ठेवलंय. त्यातून लोखंडी शिडीने वर जायचं, टाकी पाहायची, सोलरच्या तारा खाली आणायच्या. भोकाच्या तीन बाजूंना विटा उभ्या करून त्यांना सुतळी गुंडाळली होती आणि सुतळीला गुटख्याची एक रिकामी माळ लटकत होती. चौथ्या बाजूला रेतीचा ढीग. मिस्त्री साठीकडे झुकलेला, अनुभवी माणूस.

“मिस्त्री, हे उघडं काऊन ठेवलं?”

“झाकलं होतं ना भाऊ. फळी सेंट्रिंगवाल्यानं नेली.”

“अन् ही सुतळी?”

“थे बॅरिकेट हाय.”

“कोणी पडलं तं?”

“पाहून चालाव ना मंग! डोये कायले देल्ले देवानं?”

मिस्त्रीच्या तत्त्वज्ञानात खोट एवढीच आहे, की स्लॅबवर काम करणाऱ्याचे डोळे कामावर असतात. वॉटरप्रूफिंगवाला वाकून उलट्या पावलांनी मागे सरकत येतो, नाहीतर आपण टाकलेल्या थरावर आपलाच पाय पडेल. सोलरची पाटी दोघं धरतात. ती माणसापेक्षा लांब आणि पंचवीस किलोच्या आसपास जड, त्यामुळे त्यातला एक जण मागे मागे चालतो. सर्वांत वाईट ती फळीच. भोक प्लायने झाकलेलं असतं, प्लायवर ‘भोक आहे’ असं कुणी लिहिलेलं नसतं, ती खिळ्यांनी ठोकलेली नसते. खालून हाक येते, “प्लाय दे रे!” पोरगा दोन्ही हातांनी ती उचलतो, छातीशी धरतो, समोरचं दिसायचं बंद होतं आणि तो एक पाऊल पुढे टाकतो. त्याने नुकतंच जे उघडलं त्यातच. जगभरच्या बांधकामांवर माणसं अशी गेली आहेत. यात निष्काळजीपणा कुणाचा? पंचनाम्यात तो पोराच्याच नावावर पडतो.

त्या इमारतीवरची पोरं धारणी तालुक्यातली, कोरकू. दिवाळीनंतर उतरतात, होळीला मेळघाटात परत जातात. चौथ्या मजल्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला नजर लागू नये म्हणून काळ्या तोंडाचं, जीभ बाहेर काढलेलं मडकं टांगलेलं होतं. ते कुणी टांगलं म्हणून विचारलं, तर त्यातलाच एक हसला. एका हाताने बल्ली धरून, दुसऱ्या हाताने त्याने तार आवळली होती. इमारतीला नजर लागणार नाही, याची पक्की व्यवस्था झाली.

कठडा म्हणजे काही अणुभट्टी नव्हे. वरचा पाइप कमरेच्या वर, साधारण साडेतीन फुटांवर. गुडघ्याएवढा कठडा लावला, तर तो माणसाला अडवत नाही, उलटा करतो. मध्ये एक पाइप, म्हणजे घसरलेला माणूस खालून निसटणार नाही. तळाशी चार-सहा इंचांची पट्टी, म्हणजे हातोडा, पाना, विटेचा तुकडा खालच्याच्या डोक्यात जाणार नाही. शिडीच्या तोंडाशी फाटक, तेही भोकाच्या बाजूला न उघडणारं आणि आपोआप बंद होणारं, कारण साखळी लावली तर ती एकदा काढलेली पुन्हा कुणी अडकवत नाही. अमेरिकेतल्या नियमात वरच्या पाइपाने 200 पौंडांचा, म्हणजे साधारण 90 किलोंचा जोर सोसला पाहिजे असं आहे. आमच्या ठेकेदारमंडळींपैकी काहींना तो थोडा कमी पडेल, पण मजुराला पुरतो.

आणि नियम काही परदेशातच आहेत असं नाही. जमिनीतली आणि भिंतीतली भोकं, कठडे आणि पायपट्ट्या यांच्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 4912. साल 1978. त्याच वर्षी शरद पवार पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. तेव्हापासून राज्यात किती सरकारं आली, किती पडली. मानक मात्र एकदाही पडलं नाही, कारण ते कपाटातून बाहेरच आलं नाही. माणसं निसटू नयेत म्हणून कडं कसं करायचं, हे आपल्याला येत नाही असंही नाही. जून 2022 मध्ये आमदार निसटू नयेत म्हणून आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला जे कडं केलं होतं, त्यात वरचा पाइप, मधला पाइप, पायपट्टी आणि आपोआप बंद होणारं फाटक असं सगळं मानकाप्रमाणे होतं. त्या कड्याच्या आतला एकही जण खाली पडला नाही. पडलं ते मुंबईतलं सरकार.

जुन्या करारात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 22व्या अध्यायात, नवं घर बांधणाऱ्याला छपराला कठडा करायची आज्ञा आहे. तिथून कुणी पडला तर रक्ताचा दोष घरावर येईल, असं कारणही सोबत दिलंय. ध्यानात घ्या, दोष घरावर. पडणाऱ्यावर नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या मेंढपाळांकडे ना सल्लागार अभियंता होता ना ‘सुरक्षा सप्ताह’, म्हणून त्यांची अशी गफलत झाली असावी. आपल्याकडे शास्त्र सुधारलं आहे. पडतो तो तोल जाऊन. तोल त्याचा, म्हणजे जबाबदारीही त्याची.

इमारत व इतर बांधकाम कामगारांचा 1996 चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू झाला. तेव्हापासून वऱ्हाडातल्या हजेरीपुस्तकांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. कामावर रेजा, बिगारी, मिस्त्री, सेंट्रिंगवाले, सळीवाले मिळून पंधरा-वीस डोकी दिसतील. पुस्तकात नऊ. दहावा मजूर हा वऱ्हाडातला सर्वांत दुर्मिळ प्राणी आहे, मेळघाटच्या वाघापेक्षाही. वाघाची निदान गणना होते. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, 29 कायद्यांच्या चार संहिता झाल्या. कागद आटोपशीर झाला हे बरंच झालं. स्लॅबवरचं भोक होतं तेवढंच आहे.

अकोल्यात तर छपरावर चढल्याशिवाय माणसाचा दिवस जात नाही. मार्च लागला की कुलरची टाकी, खस, पंपाची खटपट. नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा वरच्या टाकीत डोकावणं हा नित्यनेम. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला की अंथरूणसुद्धा गच्चीवर, आणि गच्चीला दीड फुटाचा पॅरापेट, त्यावर बसून गप्पा मारायला सोयीचा म्हणून. त्यात फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे, त्यामुळे जी पोरं काल डिश टीव्हीच्या छत्र्या लावत होती ती आज सोलर लावतात. घरमालक खाली उभा राहून पाटीचा कोन विचारतो, वॉरंटी विचारतो, बिल शून्य कधी येईल ते विचारतो. वरचा माणूस कशाला धरून उभा आहे, हे विचारायला योजनेच्या अर्जात रकाना नाही.

जिनिंगच्या शेडची गोष्ट वेगळीच. तिथे भोक ठेवावं लागत नाही, पाय ठेवला की तयार होतं. सिमेंटचे पत्रे उन्हाने कडक झालेले, मध्ये उजेडासाठी बसवलेला पारदर्शक पत्रा धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी असा झाकलेला, की शेजारच्या पत्र्यापासून वेगळा ओळखू येत नाही. पावसाळ्याआधी गळती बंद करायला माणूस वर चढतो. मालक खालून सांगतो, “नटवरून चाल रे बापू, नटवरून!” म्हणजे खालची पर्लिन जिथे आहे त्या रेषेवरून. बापू चालतो. आजवर चालत आला म्हणून मालकाचा त्या पद्धतीवर विश्वास आहे. वाऱ्याने झोक गेला, तर त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पंचवीस फूट खोल हवा आहे, ही गोष्ट मोजमापात धरलेली नाही.

मग पडलेल्यासाठी अमरावतीत इर्विन रुग्णालय, अकोल्यात सर्वोपचार. पोलीस ठाण्यात मर्ग दाखल होतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 194. वर्तमानपत्रात बातमी आत कुठेतरी, जाहिरातीच्या खाली. पहिल्या पानासाठी आणखी उंची लागते. 10 सप्टेंबर 2023 रोजी ठाण्यात बाळकूमला चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरून वॉटरप्रूफिंग करून उतरणाऱ्या कामगारांची लिफ्ट कोसळली, सात जण गेले, तेव्हा राज्यभर हळहळ झाली. वऱ्हाडात मजलेच चार. त्यात हळहळ बसत नाही. प्रभात चौकातली जुनी इमारत 30 ऑक्टोबर 2022 ला खचली आणि पाच जण गेले, तेव्हा अमरावतीत काही दिवस सगळ्यांना शिकस्त इमारती दिसू लागल्या होत्या. नव्या इमारती शिकस्त नसतात, म्हणून त्यांच्याकडे पाहायचं राहून गेलं.

नोंदीत कामगार कामावर मेला, तर वारसाला मंडळाचे पाच लाख मिळतात. चांगली तरतूद आहे. फक्त तो नोंदीत पाहिजे, आणि नोंदीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला पाहिजे. दिवाळीनंतर धारणीहून आलेल्या पोराने पडायचं असेल, तर माघ महिन्यापर्यंत कळ काढावी.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. माणसाची नोंद जमत नसेल तर भोकाची करा. भोकाला आधार कार्ड द्या, लाभार्थी करा. 90 दिवसांची अट ते सहज पुरी करतं, आमच्याकडे भोकं वास्तुशांतीपर्यंत उघडी असतात. ते जागा सोडून होळीला गावी जात नाही. बायोमेट्रिकची अडचण नाही, कडेला हातांचे ठसे हवे तेवढे आहेत. एकदा ते लाभार्थी झालं की त्याला संच देता येईल: चार उभे खांब, तीस-पस्तीस फूट पाइप, एक फाटक आणि वेल्डरची अर्ध्या दिवसाची मजुरी. वाटपाचा कार्यक्रम गच्चीवर घ्यावा. मान्यवरांनी फीत कापायला भोकाच्या काठाशी उभं राहावं. त्या दिवशी कठडा आदल्या रात्रीच बसलेला असेल, मजबूत, रंग दिलेला, दोनदा हलवून पाहिलेला, याची मला खात्री आहे.

अर्ज मी सेतू केंद्रात देऊनही पाहिला. खिडकीवरच्या पोरीने तो शांतपणे वाचला, हसली नाही, आणि परत सरकवला. त्रुटी एकच होती: भोकाच्या वडिलांचं नाव रिकामं. आर्किटेक्टला विचारलं, तो म्हणाला नकाशात तिथे डक्ट आहे, भोक नाही. ठेकेदार म्हणाला, मालकानं सांगितलं तिथे ठेवलं. मालक म्हणाला, मी तर फक्त टाकीला जायला वाट मागितली होती. मिस्त्री म्हणाला, “माह्यं नाव टाकू नका भाऊ, म्या तं रोजानं हावो.”