ट्रकला वय विचारण्याची शास्त्रोक्त पद्धत

ट्रकचे वय मालकाला विचारू नये, हा पहिला नियम. ट्रक विकायला काढलेला असला तर मालकाच्या मते तो कालपरवाचा असतो, आणि नुसता मिरवायचा असला तर थेट नेहरूंच्या काळातला. आमच्या गल्लीच्या टोकाला चिंचेखाली आप्पांचा ट्रक उभा आहे. हौद्यात कडबा भरलेला, आणि बॉनेटखाली एक कोंबडी नेमाने अंडी घालते. "अठ्ठावन सालचा आहे. घे लिहून," असे आप्पा म्हणाले. मी लिहून घेतले आणि दुसऱ्या दिवशी पाटी बघायला गेलो.

लागणारे साहित्य असे: बॅटरी, रॉकेल, जुना बनियन, पेन्सिल, पातळ कागद, खडूची पूड आणि गुडघे. रॉकेल आता सहजी मिळत नाही, थोडे डिझेल चालते. गुडघे मात्र स्वतःचेच लागतात.

पाटी म्हणजे नंबरप्लेट नव्हे, कारखान्याने लावलेला तळहाताएवढा धातूचा पत्रा. तो बॉनेट उघडल्यावर समोर, दाराच्या चौकटीला किंवा डॅशबोर्डावर असतो. यांपैकी कुठेच सापडला नाही तर देवाचा फोटो हलक्या हाताने बाजूला करावा. आप्पांच्या पाटीवर रंगाचे तीन हात होते आणि त्यावर प्रत्येक दसऱ्याचे हळदकुंकू. त्या थरांवरून वय काढता येईल असे मला क्षणभर वाटले, पण काही दसऱ्यांना गाडी पोलीस चौकीत होती, असे आप्पांनी सांगितल्यावर तो नाद सोडला.

तारेचा ब्रश लावू नका. पाटीवर दोन जातीची अक्षरे असतात. कंपनीचे नाव, रकाने वगैरे छापील मजकूर सगळ्या गाड्यांना सारखा, आणि तो जोरात घासला की जातो. आकडे मात्र प्रत्येक गाडीसाठी पंचाने ठोकलेले असतात. ओले फडके बराच वेळ ठेवावे, पुसावे, मग खडूची पूड चोळून बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडावा. समोरून पाडला तर पाटी नुसती चमकते. तरीही जमले नाही तर कागद ठेवून पेन्सिल फिरवा. आरटीओत चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात, तीच ही विद्या.

एवढ्या खटाटोपानंतर पाटी वाचता येते, आणि तिच्यावर साल नसते.

इथे बरेच जण खचतात. खचू नये. माणूस वय एक वेळ सांगेल, वजन सांगणार नाही. ट्रकचे याच्या अगदी उलट. पुढच्या आसावर किती, मागच्या आसावर किती, एकूण किती, सगळे वजन तो पाटीवर लिहून फिरतो. मॉडेलचे नावसुद्धा वजनाचेच. १२१० म्हणजे गाडी आणि माल मिळून सुमारे १२ टन, आणि शेवटचे १० म्हणजे शंभराच्या आसपास अश्वशक्ती. ही मर्सिडीजवाल्या जर्मनांची रीत, ती टाटांकडे आली. १२१० हे साल नव्हे. त्या साली देवगिरीवर यादव राज्य करत होते. त्याच न्यायाने टाटांचा १६१२ हा मलिक अंबराच्या वेळचा नाही. हसू नका, हा घोळ मी एका शिकल्यासवरल्या माणसाला घालताना पाहिले आहे. (आरसा पुसताना.)

मग साल कसे काढायचे? पाटी जे सहज बोलून जाते त्यावरून. ट्रक टाटांचा असेल आणि पाटीवर कंपनीचे पूर्ण नाव असेल तर शब्दांचा क्रम पाहावा. १९४५ साली ही कंपनी निघाली ती रेल्वेची इंजिने करायला, आणि तिचे नाव होते टाटा लोकोमोटिव्ह अँड इंजिनिअरिंग. १९६० साली दोन्ही शब्दांनी जागा बदलल्या आणि टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह झाले, म्हणजे आपली टेल्को. लोकोमोटिव्ह आधी असेल तर ट्रक साठच्या अलीकडचा असणे कठीण. 'टाटा मोटर्स' दिसले तर २००३ नंतरचे नाव ते. पाटी झाका आणि घरी जा. फक्त एक धरून चाला, की छापून ठेवलेल्या पाट्या नाव बदलले म्हणून लगेच कुणी फेकून देत नाही.

दुसरी खूण ताऱ्याची. डाइम्लर-बेंझशी टाटांचा करार १९५४ चा, तो १९६९ साली संपला. तोवर ट्रक टाटा-मर्सिडीज-बेंझ नावाने निघत आणि नाकावर तीन टोकांचा तारा मिरवत. मग ताऱ्याच्या जागी 'टी' आला. मात्र तारा जुन्या बाजारात सुटाही मिळतो, आणि कितीतरी 'टी' वाले ट्रक तो लावून हिंडले. नाकावरचा तारा हा दागिना. पाटीवर मर्सिडीजचे नाव असेल तर तो पुरावा. आप्पांच्या ट्रकाला दोन्ही होते.

कुर्ल्याच्या प्रीमियरचा ट्रक असेल तर वेगळेच दुखणे. वालचंद हिराचंदांच्या या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज, फार्गो आणि डिसोटो निघत. एकाच आईची लेकरे, आडनावे तीन. तिथे नावावर भांडत न बसता वजन पौंडात आहे की किलोत ते पाहावे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. पौंड दिसले तर वय वाढवायला हरकत नाही. पाटीवर नुसते 'बॉम्बे' असेल तर एवढेच कळते की गाडी १९९५ च्या आधीची आहे, आणि ते लांबूनही कळत होते.

कॅबिनवर विश्वास ठेवू नये. आपल्याकडे ट्रक कारखान्यातून बहुधा नुसती चासी म्हणून निघे. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला पंचा गुंडाळून जमशेदपूरहून ती हाकत आणी. पुढे सुतार-लोहार तिला घर बांधत. तेव्हा ट्रकचे जन्म तीन: चासीचा, बॉडीचा आणि आरटीओतला. पाटी फक्त पहिल्याबद्दल बोलते, आणि तेही ती त्याच चासीची असेल तर. म्हणून पाटीवरचा नंबर चासीच्या लोखंडावर ठोकलेल्या नंबराशी ताडून बघा. पाटी रिव्हेटऐवजी चार तऱ्हेच्या चार स्क्रूंनी बसवलेली असेल तर ती दत्तक आली आहे असे समजावे. इंजिनाचा नंबर तर बघूच नये. आप्पांच्या बॉनेटखाली टाटा ६९७ आहे. मूळचे इंजिन कुठे गेले, विचारले तर आप्पा सांगलीकडे बोट करतात.

उरले पासिंग. एमएच आणि पुढे जिल्ह्याचा आकडा ही पद्धत १९८९ च्या जुलैपासून लागू झालेल्या कायद्याची. जुन्या गाडीला नवा नंबर मिळालेला असू शकतो, तेव्हा नंबरावरून वय काढणे म्हणजे रेशनकार्डावरून वय काढणे. आरसी बुकात उत्पादनाचे साल असते. आप्पांच्या बुकात त्यावर २०१९ च्या पुराचे पाणी गेले आहे आणि '१९६' एवढेच उरले आहे.

सतरा अक्षरांचा नंबर आढळला तर दहावे अक्षर बहुधा सालाचे असते, पण ए म्हणजे १९८० आणि पुन्हा २०१०. एवढ्या पोरसवदा ट्रकांसाठी गुडघे टेकू नयेत.

तर निकाल: इंजिनिअरिंग आधी म्हणून १९६० नंतरचा, मर्सिडीज आहे म्हणून १९६९ पर्यंतचा. मी आप्पांना म्हटले, "आप्पा, अठ्ठावनचा नाही हो तुमचा ट्रक."

"नसेल. अठ्ठावन माझं साल. दोघांचं एकच धरलं, लक्षात राहायला."

आता तरी तो विंटेज ठरेल का, असे त्यांनी विचारले. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या वाहनाला नंबरात 'व्हीए' ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण वाहन दुचाकी किंवा चारचाकी हवे, खासगी वापराचे हवे, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत. आप्पांच्या ट्रकाला चाके सहा, परवाना मालवाहतुकीचा आणि इंजिन सांगलीत. तो विंटेज नाही. जुना आहे.

पाटी मी पुसून ठेवली आहे. बघायला येणाऱ्यांनी सकाळी दहानंतर यावे. त्याआधी बॉनेट उघडलेले कोंबडीला चालत नाही.