खोपोलीची वीज आणि खोपोलीचा अर्ज

१९१५ साली खोपोलीच्या टाटा वीजकेंद्रातून मुंबईच्या गिरण्यांकडे वीज निघाली, तेव्हा माग कोणत्या कंपनीचा, हे काही तिनं विचारलं नाही. आज इथल्याच झेरॉक्सच्या दुकानात विंडोजवर, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज घरच्या लिनक्सवर उघडा. ‘विनंती अर्ज’च्या जागी रोमन अक्षरांची आणि कंसांची भेळ! सगळ्या संगणकांसाठीच्या युनिकोड या सामाईक अक्षरसंचात देवनागरी १९९१पासून आहे म्हणे, असेना.

बरं, अक्षरांचं सोडा, फाइलींचं बघा. ओडीएफ हा फाइल साठवण्याचा खुला नमुना २००६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मग २००८मध्ये मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएलही झाला, भारतानं विरोधात मत देऊनसुद्धा. भांडण मिटावं म्हणून मानक, आणि मानकंच दोन!

लिबरऑफिसमध्ये, म्हणजे ओडीएफमध्ये, तक्ता करून पाठवला, की साहेबांच्या ऑफिसातून फोन येतो, “अहो, तुमची शेवटची ओळ दुसऱ्या पानावर गेलीय. पीडीएफ पाठवा.” पीडीएफ पाठवली, तर “यात दुरुस्ती कशी करायची?” शेवटी प्रिंट निघते, साहेब लाल पेनानं खुणा करतात आणि दुकानातला पोरगा सगळं पहिल्यापासून टाइप करायला बसतो. पानामागे पैसे पुन्हा, अर्थातच.