इम्पोर्ट सक्सेसफुल

ह्यूस्टनमध्ये आमचा धंदा असा की कुणी तेलविहिरी विकायला काढल्या, की त्यांत अजून किती तेल उरलंय आणि आज त्याचे किती पैसे होतात, ते सांगायचं. हे गणित करणारं सॉफ्टवेअर खास आणि महागडं. त्यात भरायचे आकडे मात्र साध्या स्प्रेडशीटमधून येतात, आणि ते भरणं हे शिकाऊ पोराचं काम समजलं जातं. एक्सेलमध्ये आपला हात कोण धरणार, अशा थाटात मी ते मागून घेतलं.

पहिला हिसका विहिरींच्या नंबरांनी दिला. अमेरिकेत विहिरीला 14 आकडी एपीआय नंबर असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, टेक्ससचे 42. पुढचे तीन काउंटीचे, मिडलंडचे 329. मग पाच खुद्द विहिरीचे. एवढा लांब आकडा शीट आखडून 4.23294E+13 असा दाखवते. काय सायंटिफिक दिसतंय, म्हणून मी तशीच सीएसव्ही फाइल केली. तिच्यात राज्य उरलं, काउंटी उरली, विहिरीचा पहिला आकडा उरला आणि पुढे नुसती शून्यं. मिडलंडमधल्या आमच्या सगळ्या विहिरींची मिळून एकच विहीर झाली. सॉफ्टवेअरने हिरव्या अक्षरांत कळवलं, इम्पोर्ट सक्सेसफुल.

तो कॉलम टेक्स्ट करून ते निस्तरलं, तर तारखा उलटल्या. महिन्याचं उत्पादन त्या महिन्याच्या एक तारखेसमोर लिहितात. माझा लॅपटॉप पुण्याहून आणलेला, त्यामुळे एक फेब्रुवारी म्हणजे 01/02. टेक्ससच्या सॉफ्टवेअरला ती दोन जानेवारी. एक मार्च झाला तीन जानेवारी, आणि असं सरकत सरकत एक डिसेंबर बारा जानेवारीला जाऊन बसला. प्रत्येक विहीर वर्षभराचं तेल जानेवारीतच ओकून मोकळी व्हायची आणि मग गणपतीला गावी गेलेल्या चाकरमान्यासारखी गायब!

विहिरीचं उत्पादन कसं उतरत जातं याचं सूत्र आर्प्स नावाच्या गृहस्थांनी 1945 मध्ये मांडून ठेवलंय. आमचा धंदा अजून त्यांच्याच वक्ररेषेवर चालतो. ती रेषा त्या जानेवारीच्या सुळक्यांमधून ओढायचा प्रयत्न मी दुपारभर केला. चूक आपली नसणारच, या खात्रीने शेवटी मिडलंडच्या पंपरला, म्हणजे विहिरींवर रोज फेरी मारणाऱ्या माणसाला, फोन लावला. दर जानेवारीत तिथे एवढं काय असतं, असं विचारलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, "थंडी."

(हे उत्पादनाचे आकडे टेक्ससचं रेलरोड कमिशन ठेवतं. रेल्वेशी त्याचा संबंध 2005 मध्येच संपला, नाव तेवढं राहिलं. मी हे एकदा फोनवर बोललो, तेव्हापासून बाबा नातेवाइकांना सांगतात, मुलगा रेल्वेत लागलाय.)

मग मालकीचा वाटा. तो होता 75 टक्के, सॉफ्टवेअरला हवं होतं 0.75, मी दिले 75. गिऱ्हाइकाला त्या विहिरींत 7,500 टक्के वाटा मिळाला आणि किंमत अशी फुगली की साहेबांनी आधी चष्मा पुसला, मग माझ्याकडे बघितलं. इम्पोर्ट अर्थातच सक्सेसफुल.

यानंतर मी कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवेना. तेलाच्या भावांचं शीट आलं, ते अक्षरशः डोळ्यांत तेल घालून तपासलं. 20 एप्रिल 2020 समोर होतं, बॅरलला उणे 37.63 डॉलर. उणे? म्हणजे तेल घ्या आणि वर पैसेही न्या? आपल्यासारख्याच कुणाचा तरी हात घसरला असणार. तो महिना मी पुण्यात लॉकडाउनमध्ये इडल्या बिघडवण्यात घालवला होता. कोरोनाने मागणी बसली, टाक्या तुडुंब भरल्या आणि तेलाचा वायदा शून्याखाली गेला, ही जगभर गाजलेली बातमी माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी मोठ्या मनाने उणेचं चिन्ह काढलं आणि एक गंभीर चूक पकडल्याची मेल साहेबांना टाकली.

लगेच उत्तर आलं. "उणे परत लाव. मी त्या दिवशी विकत होतो."