निकालानंतरच्या सर्वज्ञांस अनावृत पत्र

प्रति,
ब्लेझरधारी क्रिकेट समालोचक व जाकीटधारी राजकीय विश्लेषक,
सर्व वाहिन्या.

विषय : दोन्ही पदांचे विलीनीकरण करण्याबाबत.

महोदय,

क्रिकेटचे समालोचन आणि राजकारणाचे विश्लेषण ही दोन वेगळी शास्त्रे आहेत, असा समज भारतात अजूनही आढळतो. प्रत्यक्षात दोहोंची कार्यपद्धती एकच आहे. आधी निकाल लागतो, मग त्याला साजेशी कारणे निवडली जातात. कारणांचा साठा दोन्हीकडे मुबलक असतो आणि त्यातले कोणतेही कारण कोणत्याही निकालाला बसवता येते. शास्त्राची खरी ताकद यातच आहे.

२९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. त्या घटकेला विराट कोहलीच्या ५९ चेंडूंतल्या ७६ धावा पराभवाचे पहिले कारण म्हणून अगदी तयार होत्या : संथ खेळला, मागच्या फलंदाजांना चेंडूच उरले नाहीत, वगैरे. मग बुमराह, अर्शदीप आणि हार्दिक यांनी सामना ओढून आणला. शेवटच्या षटकात मिलरचा फटका सूर्यकुमार यादवने सीमारेषेच्या आत-बाहेर करत टिपला आणि भारत सात धावांनी जिंकला. कोहली सामनावीर ठरला आणि त्याच ७६ धावा ‘अनुभवी फलंदाजाने डाव कसा बांधावा’ याचा पाठ झाल्या. चेंडू दोन वीत पुढे पडला असता तर पाठ उलटा शिकवला गेला असता, आणि तोही तितक्याच ठामपणे.

रोहित शर्माच्या वाट्याला असा उलटा पाठ सात महिने आधी आला होता. २०२३ च्या विश्वचषकात भारताने ओळीने दहा सामने जिंकले, तोवर त्याची सुरुवातीची धुलाई ‘निःस्वार्थ’ होती. १९ नोव्हेंबरला अहमदाबादला तो ३१ चेंडूंत ४७ करून उंच फटका मारताना बाद झाला, तेव्हा तीच धुलाई अनेकांना बेजबाबदार दिसली. त्या सामन्याची कारणमीमांसा पुढे थेट निवडणुकीच्या सभेत गेली. ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा बाजूला पडल्या आणि राजस्थानच्या प्रचारात राहुल गांधींनी प्रेक्षागृहातल्या पंतप्रधानांना उद्देशून ‘पनौती’ हा शब्द वापरला. निवडणूक आयोगाने त्यांना नोटीस पाठवली. खेळपट्टी, दव आणि नाणेफेक यांवर आयोगाने मत दिले नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

राजकीय शाखेसाठी महाराष्ट्राइतकी चांगली प्रयोगशाळा सापडणार नाही. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, महायुतीला १७, आणि सांगलीत अपक्ष निवडून आला. कारणे ठरली : पक्षफोडीचा राग, कांदा, सोयाबीनचा भाव, मराठा आरक्षण, संविधान बदलाची भीती. साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला, महायुतीने विधानसभेच्या २८८ पैकी २३० च्या आसपास जागा घेतल्या आणि आघाडीच्या तिन्ही मोठ्या पक्षांना मिळून पन्नासही गाठता आल्या नाहीत. नवी कारणे ठरली : लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार, ओबीसींची एकजूट, ‘एक है तो सेफ है’. दोन्ही याद्यांत तथ्य असेलही. पण मधल्या काळात सोयाबीनचा भाव चढला नव्हता आणि फुटलेले पक्ष जोडलेही गेले नव्हते. मे महिन्यातला राग नोव्हेंबरात कुठे गेला, हा प्रश्न शास्त्रात विचारला जात नाही. जुन्या निकालाची कारणे नव्या निकालाच्या दिवशी रद्द समजावीत, असा अलिखित नियम आहे.

भाकीत हा या शास्त्राचा कच्चा भाग. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या झगमगाटात वाजपेयी सरकार परत येणार, हे जवळपास सर्वांनी गृहीत धरले होते; प्रत्यक्षात काँग्रेसला १४५ आणि भाजपला १३८ जागा मिळाल्या. १ जून २०२४ च्या संध्याकाळी एक्झिट पोलांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशे ते चारशेपर्यंत नेऊन ठेवले. ४ जूनला आघाडी २९३ वर आणि भाजप २४० वर थांबला. एका मोठ्या पोल-संस्थेच्या प्रमुखांना कॅमेऱ्यासमोर रडू आले. माणूस म्हणून ते साहजिक होते, पण त्याच दिवशी सेन्सेक्स सुमारे ४,४०० अंकांनी कोसळला आणि त्यात ज्यांचे पैसे गेले त्यांच्या रडण्याचे थेट प्रक्षेपण कोणी केले नाही. ऑक्टोबरमध्ये हरियाणात बहुतेक पोलांनी काँग्रेसला सत्ता दिली. भाजपने ९० पैकी ४८ जागा जिंकल्या. क्रिकेटचा समालोचक चुकला तर फार तर नाक्यावर हसे होते. विश्लेषक चुकला तर बाजार हलतो, आणि पुढच्या निवडणुकीला तोच विश्लेषक त्याच खुर्चीत बसलेला असतो.

समालोचनाच्या व्यवसायाचा भारतीय इतिहास मुंबईत सुरू होतो. १९३० च्या दशकात बॉबी तल्यारखान एकटेच माइकसमोर बसून दिवसभर बोलत. माइक दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायला त्यांनी ठाम नकार दिला आणि आकाशवाणीने समालोचकांचे मंडळ नेमायचे ठरवल्यावर ते बाजूला झाले. आज चार माणसे एका चेंडूवर एकाच वेळी बोलतात, तेव्हा तल्यारखानांचा हट्ट समंजस वाटू लागतो. मराठी श्रोत्याचे भाग्य जरा उजवे होते. बाळ ज. पंडित यांनी रेडिओवर मराठीतून सामना सांगितला. ते स्वतः महाराष्ट्राकडून खेळलेले होते, तरी मैदानावर जे घडले ते आधी सांगावे आणि मत मागून द्यावे, ही रीत त्यांनी पाळली. आताचा क्रम बहुधा उलटा असतो.

या पत्रात मागितलेल्या विलीनीकरणाचे आद्य पुरुष मात्र विझियानगरमचे महाराजकुमार, अर्थात विझी. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात ते भारताचे कर्णधार होते. लाला अमरनाथ यांना त्या दौऱ्यातून शिक्षा म्हणून घरी पाठवण्यात आले. विझींनी तीन कसोटींत मिळून ३३ धावा केल्या. पुढे ते क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले, १९६० मध्ये विशाखापट्टणमचे खासदार झाले आणि मधून मधून समालोचकही होते. कर्णधार, अध्यक्ष, खासदार, समालोचक! एवढी पदे एका देहात पुन्हा जमलेली नाहीत. ‘जो खेळला त्यालाच कळते’ असे सांगणाऱ्यांनी या ३३ धावांचा हिशेब कुठे धरावा, हे ठरवलेले बरे. २०१९ मध्ये कोलकात्याच्या गुलाबी चेंडूच्या कसोटीत संजय मांजरेकर यांनी हर्षा भोगले यांना थेट प्रक्षेपणात याच अर्थाचे सुनावले होते. नंतर ते चुकल्याचे त्यांनी मान्यही केले. राजकीय शाखेला हा निकष लावला, म्हणजे निवडणूक लढवलेल्यानेच निवडणुकीवर बोलायचे ठरले, तर रात्री नऊच्या चर्चेत निवेदकाला आरशाशी भांडावे लागेल.

विझींचे वारस आहेत, पण सुटे सुटे. नवज्योतसिंग सिद्धू समालोचन करता करता २००४ मध्ये अमृतसरचे भाजप खासदार झाले, पुढे काँग्रेसमध्ये जाऊन पंजाबचे प्रदेशाध्यक्ष झाले, २०२२ ची विधानसभा हरले आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये माइकसमोर परतले. पक्ष बदलला, शेरोशायरी बदलली नाही. गौतम गंभीर २०१९ ते २०२४ पूर्व दिल्लीचे खासदार होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्लीच्या प्रदूषणावर संसदीय समितीची बैठक होती. खासदार इंदूरच्या कसोटीचे समालोचन करत होते आणि जिलबी खातानाचे त्यांचे छायाचित्र देशभर फिरले. इंदूरच्या जिलबीला दोष देता येत नाही. महाराष्ट्राने या बाबतीत वेगाचा विक्रम केला. केदार जाधव २०२३ च्या आयपीएलमध्ये मराठी समालोचन करत होता, त्याच हंगामात बंगळूरच्या संघाने त्याला खेळायला बोलावले, पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये भाजपमध्ये दाखल झाला. समालोचक, खेळाडू, कार्यकर्ता हा प्रवास दोन वर्षांत! विलीनीकरण कागदावर यायचे तेवढे राहिले आहे.

यापुढचा भाग मौनाचा आहे आणि तोच महत्त्वाचा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६-अ नुसार मतदानाच्या काळात एक्झिट पोल प्रसिद्ध करता येत नाहीत. ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली. मतदाराचा कौल प्रभावित होऊ नये म्हणून विश्लेषकाने ठरावीक काळ गप्प बसायचे, एवढाच त्याचा अर्थ. समालोचकाचे मौन कायद्याने नव्हे, कराराने येते आणि त्याला मुदत नसते. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलिया भारतात आली तेव्हा इयन चॅपल यांनी समालोचनाचे काम नाकारले, कारण संघनिवड, पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी आणि मंडळाचा कारभार या विषयांवर बोलायचे नाही, अशी अट होती. हे तीन विषय वजा केल्यावर हवामान आणि जेवणाची सुट्टी उरते. २०१६ च्या आयपीएलआधी भोगले यांना वगळले गेले. कारण त्यांनाही सांगितले नाही. त्याच्या थोडेच आधी अमिताभ बच्चन यांनी भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावे असे लिहिले होते आणि धोनीने त्याला दुजोरा दिला होता. २०२० मध्ये मांजरेकरांना वगळले. त्याआधीच्या वर्षी ते रवींद्र जाडेजाला अर्धामुर्धा खेळाडू म्हणाले होते, आणि विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जाडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा करून उत्तर दिले होते. मांजरेकरांचे ते मत चुकलेच. पण चुकीच्या मताला जाडेजाने बॅटने दिलेले उत्तर पुरेसे होते. मंडळाच्या उत्तराची गरज नव्हती.

तात्पर्य, भविष्याबद्दल काहीच ठाऊक नसते तिथे ही मंडळी छातीठोक बोलतात, आणि ज्याची खडान्‌खडा माहिती असते तिथे त्यांना घसा खवखवतो. मुंबई क्रिकेट संघटनेची निवडणूक हा असा विषय. तिकिटांच्या वाटपावरून संघटनेचे ब्रेबॉर्न स्टेडियमवाल्यांशी बिनसले आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. वानखेडे तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते. पुढे संघटनेच्या अध्यक्षपदी मनोहर जोशी आले. २००१ मध्ये शरद पवारांनी अजित वाडेकरांना हरवले, २०११ मध्ये विलासराव देशमुखांनी दिलीप वेंगसरकरांना. २०२२ मध्ये संदीप पाटील हरले, आणि समोरच्या उमेदवारामागे पवार व आशिष शेलार एकत्र होते. एरवी विधानसभेत एकमेकांना पाण्यात पाहणारे पक्ष या एका मतदारसंघात गुण्यागोविंदाने नांदतात, आणि १९७१ चा विजयी कर्णधार, लॉर्ड्‌सवर तीन शतके ठोकणारा फलंदाज, १९८३ चा विश्वविजेता हे तिघेही तिथे पडतात. याचे विश्लेषण करायला एक्झिट पोल लागत नाही. नाक्यावरच्या कोणत्याही चाहत्याला ते ठाऊक आहे. फक्त पडद्यावर त्याची पट्टी फिरत नाही.

‘खेळात राजकारण आणू नये’ हे वाक्य या शास्त्रात फार जपून वापरावे लागते. पवार देशाचे कृषिमंत्री असतानाच नियामक मंडळाचे आणि नंतर आयसीसीचे अध्यक्ष होते. २८ सप्टेंबर २०२५ ला दुबईत भारताने आशिया चषक जिंकला आणि मोहसिन नक्वी यांच्या हातून तो घेतला नाही. नक्वी आशियाई क्रिकेट परिषदेचे प्रमुख, पाकिस्तानच्या मंडळाचे अध्यक्ष आणि त्या देशाचे गृहमंत्रीही आहेत. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारतीय संघाने असे वागणे योग्य की अयोग्य, यावर आठवडाभर चर्चा झाली. सीमेच्या दोन्ही बाजूंना क्रिकेटची दोरी राजकारण्यांच्या हाती का असते, या प्रश्नाला मात्र त्या आठवड्यात जाहिरातींमुळे वेळ मिळाला नाही.

सबब विलीनीकरण करताना पुढील व्यवस्था व्हावी, अशी विनंती आहे. फलंदाज मैदानात उतरताच त्याची सरासरी पडद्यावर येते. तशी समालोचक व विश्लेषक बोलू लागताच त्यांच्या मागच्या दहा भाकितांची सरासरी दाखवावी. त्याखाली मानधन कोण देते, ते लिहावे. ज्या विषयांवर बोलायला कराराने मनाई आहे त्यांची यादी सामन्याच्या सुरुवातीला वाचून दाखवावी. नाणेफेक आणि खेळपट्टीचा अहवाल यांच्यामध्ये तेवढा वेळ सहज निघतो. क्रिकेट संघटनांच्या मतमोजणीचे थेट प्रक्षेपण करावे आणि त्यावेळी दोन्ही शाखांच्या तज्ज्ञांनी स्टुडिओत हजर राहावे. गैरहजर राहणाऱ्यास जिलबी देण्यात येऊ नये.

कळावे.

आपला,
एक चाहता
(तिकीट न मिळाल्याने टीव्हीसमोर)